कवळी भाजी आणि माझा उजवा हात

२२ जून १९५५. बोरिवलीच्या पूर्वेला, डोंगराखालच्या वारली पाड्यावर गरोदर बायका तपासायच्या होत्या. मी दवाखान्यात नर्स होते. आठवड्याला एक फेरी असे.

भिकलीला नववा लागला होता. पापणी खाली ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. म्हणजे अंगात रक्त नाही. अशी बाई बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी हातची जाते. गोळ्या दिल्या, पण पालेभाजीही हवी. झोपडीमागचा उतार कवळीनं हिरवा झाला होता. ही रानभाजी वारली आवडीनं खातात, एवढं ठाऊक होतं. उजव्या हातानं मूठभर उपटली आणि तिच्या सासूपुढे, जिवीपुढे धरली.

"आजच रांधून घाल हिला."

तिनं हात मागे घेतले. "बाई, काय केलंस? हिरव्या देवाला दावली नाय अजून."

"देव काय उपाशी मरतोय? सुनेकडे बघ जरा."

जिवीनं भगताला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला, बोलावलं. म्हातारा रागावला नाही. मुठीतली भाजी उलटी करून मला मुळं दाखवली. "कांदा धरला नाय हिनं. आता उपटली त पुढल्या साली डोंगर बोडका. देवाला दावल्यावर खायाची." मग शांतपणे म्हणाला, "पूजा होईतो त्या हातानं पोरीला शिवू नको."

दवाखान्यात डॉक्टर भडकले. "अॅम्ब्युलन्स पाठवतो. उचलून आणा तिला."

"गाडी दिसली की तिला रानात नेतील."

"मग करणार काय?"

"माफी मागणार."

दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पूजेला चार दिवस होते, तोवर शिवायची बंदी कायम होती. बाजारातली माठाची भाजी नेली होती, ती जिवीनं घेतली. "ही खाऊ दे. ही आमच्या देवाची नाय." मग ब्लेड उकळायचं कसं, नाळ बांधायची कुठे, हे तिला शिकवलं.

पूजेच्या आदल्या दिवशी कळा आल्या. मी कुडाच्या भिंतीबाहेर बसले. मूल रडलं. मग जिवी ओरडली, "बाई, रगत थांबत नाय!"

आत घुसले असते तर तिथल्या बायांनी भिकलीला माझ्यासमोरून उचलून नेलं असतं.

"बेंबीखाली दाब. चोळ. दगडासारखं लागतंय का?"

"नाय."

"थांबू नको. चोळ."

बऱ्याच वेळानं आवाज आला, "लागतंय गं." गर्भाशय आवळलं होतं, रक्त थांबलं.

मायलेकी जगल्या. माझ्या हुशारीनं नव्हे, जिवीच्या हातांनी. डोंगरावरचं काही उपटण्याआधी विचारायला अर्धं मिनिट लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. मी ओळीत सगळ्यांत शेवटी बसले. भगतानं माझ्या हातावर पाणी घातलं, मग मी आत जाऊन भिकलीची नाडी पाहिली.