छताच्या मधोमध

“पत्र्याला विचारावं, मालकाला विचारू नये,” असं काडीवाले नाना उठता-बसता म्हणत. आणि म्हणत तेव्हा समोर बहुधा मालकच उभा असे.

नानांचं काम गाड्यांच्या छतावर रेडिओची काडी बसवण्याचं. कागदावर तिला अँटेना म्हणतात, पण कागद वाचून कुणी त्यांच्या दुकानात येत नसे. टॅक्सीवाले यायचे, पाण्याचे टँकर यायचे, जंगलखात्याच्या चिखलाने माखलेल्या जीपा यायच्या. चालता चालता दुसऱ्याशी बोलायची ज्या ज्या गाडीला गरज, ती नानांच्या दारी. बायको म्हणायची, “इतरांचे नवरे लोकांच्या घरात काड्या घालतात, आमचे छतावर घालतात. तेवढंच सुख.”

गाडी आली की नाना आधी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारत, बैलाला पारखावं तशी. मग शिडी लावून वर चढत, छताजवळ कान नेत आणि बोटाच्या पेराने टकटक करत पुढे सरकत. आवाज पोकळ आला की तिथे पत्रा मोकळा. आवाज बद्द आला की खाली आडवी पट्टी. मालक खालून सांगत असायचा, की मागे लावा, कडेला लावा, काय वाटेल ते करा पण होल मारू नका. नाना हं हं करायचे आणि छताच्या मधोमध पेन्सिलीने फुली काढायचे. एका नव्याकोऱ्या गाडीचा मालक तर रडकुंडीला आला होता. नानांनी त्याला पाठ करून उभं राहायला सांगितलं, ड्रिल चालवलं, आणि म्हणाले, “वळा आता. संपलं दुःख.”

कारणही ते सांगत, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही. काडीच्या चहूबाजूंना सारखा पत्रा असला तर तिचा आवाज चहूबाजूंना सारखा जातो. कडेला बसवली तर एका अंगाला पत्रा आणि दुसऱ्या अंगाला नुसता वारा. मग आवाज एकीकडे धावतो, दुसरीकडे लंगडतो.

असा हा माणूस. कुणाच्या बापाचं न ऐकणारा. पण वाघालाही मावशी असते, तशी नानांना आक्का होती.

आक्का म्हणजे थोरली बहीण. तिने नानांना कडेवर वागवलं होतं, न्हाऊमाखू घातलं होतं, आणि शाळेतून पळून आले तेव्हा कान धरून परत पोचवलं होतं. नानांच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी आक्काने बस म्हटलं की ते बसत; मागे खुर्ची आहे की नाही ते नंतर बघत. आक्काची स्वतःची व्हॅन होती. डोंगराच्या पलीकडच्या वस्त्यांमधून आजारी माणसं हॉस्पिटलात आणायची आणि परत नेऊन सोडायची, हे तिचं कित्येक वर्षांचं काम. कुणाला खड्ड्यात सावकाश न्यायचं, कुणाला खिडकीजवळ बसवलं की ओकारी होत नाही, कुणाची म्हातारी वाटेत गप्पा मारल्या नाहीत तर रुसते, सगळं तिला पाठ. आणि व्हॅन अशी ठेवलेली, की आरशात भांग पाडावा तसा तिच्या दारात पाडून घ्यावा.

त्या वर्षी हॉस्पिटलाने ठरवलं, की डोंगराकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत बोलायचा रेडिओ हवा. डोंगरामागे फोन मुका होतो, आणि मागच्या हंगामात एक गाडी घसरून खोळंबली तर कुणाला कळलंच नाही. नियम साधा होता. गाडी दगडाच्या खाणीपाशी न्यायची, जाताना बोलायचं, वळवून येताना बोलायचं. दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं तर फेरी तुमची. नाही आलं तर फेरी दुसऱ्या व्हॅनला.

आक्का रेडिओचा सेट घेऊन भावाकडे आली. भाऊ शिडी लावून वर चढला, पेराने टकटक केलं, मधोमध पोकळ आवाज आला, पेन्सिल कानावरून काढली, आणि खालून हुकूम आला.

“माझ्या गाडीच्या टाळूत भोक पडता कामा नये. कडेला लाव.”

नाना हं म्हणाले. नेहमीचं हं नव्हे, शाळेतल्या पोराचं. पेन्सिल कानावर परत गेली. डाव्या कडेच्या पन्हळीला त्यांनी लोखंडी पकड आवळली, तिच्यात काडी उभी केली, आणि शिडी खाली घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मालकाचं ऐकलं होतं.

परीक्षेला ते आक्काबरोबर गेले. खाणीपर्यंत जाताना हॉस्पिटल उजव्या हाताला. रेडिओवरचा ऑपरेटर असा स्पष्ट बोलला, की त्याला पडसं झालंय हेसुद्धा कळलं. आक्काने भावाकडे बघून मान डोलावली. नानांनी खिडकीबाहेर बघितलं. मग गाडी वळवली. हॉस्पिटल डाव्या हाताला आलं आणि सेटमधून मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज यायला लागला. आक्का बोलली, मोठ्याने बोलली, मग सेटलाच चार शब्द सुनावले. लाह्या फुटतच राहिल्या. गाडी पुन्हा तोंड फिरवून उभी केली तेव्हा ऑपरेटरने सांगितलं, की येतानाचं काहीच कळलं नाही, उद्या दुपारपर्यंत पुन्हा बघू, नंतर मात्र त्याच्या हातात काही नाही.

घरी येईस्तोवर आक्का सेट विकणाऱ्याला शिव्या देत होती. नाना ऐकत होते. प्रत्येक शिवी आपल्याच पत्त्यावर यायची, हे त्यांना ठाऊक होतं.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

“जगाच्या डोक्यात भोकं पाडलीत आणि बहिणीपुढे मांजर झालात?”

नाना म्हणाले, की आक्काला नाही म्हणायची जीभ त्यांना देवाने दिलेलीच नाही. बायको म्हणाली, “मग ड्रिल दिलंय ना? ते घेऊन जा. आणि तिची फेरी गेली, तर त्या वस्तीतल्या म्हातारीशी वाटेत गप्पा कोण मारणार, तुम्ही?”

सकाळी नाना शिडी खांद्यावर घेऊन आक्काच्या अंगणात उभे राहिले. आक्का व्हॅन पुसत होती. नानांनी शिडी टेकवली, घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

“आक्का, सेटला बोल लावू नकोस. काडीच चुकीच्या जागी आहे.”

“तुला कधी कळलं?”

“बसवतानाच.”

आक्काने फडकं पिळलं. पाणी पडायचं थांबलं तरी ती पिळत राहिली.

“मग बोलला का नाहीस?”

“तू कडेला लाव म्हणालीस.”

“मी विहिरीत उडी मार म्हणाले असते तर?”

नानांनी क्षणभर खरोखरच विचार केला. “पाणी किती आहे ते बघितलं असतं,” ते म्हणाले.

आक्काला हसू आलं. ते तिने फडक्यात पुसलं. “गाडीची मालकीण मी आहे,” ती म्हणाली. “काडीची कधी झाले रे? चढ वर. पण गळलं तर तुला ठेवणार नाही.”

नाना चढले, कडेची पकड सोडवून काडी काढून घेतली. त्या सकाळी त्यांनी केलं तसं काम त्यांनी कुणाच्या गाडीवर केलं नव्हतं. आतलं दिव्याचं झाकण काढलं, छताचं कापड हळूच खाली सोडलं, नवजात बाळाचं दुपटं सोडवावं तसं. वर मधोमध फुली काढून तिच्याभोवती चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाचा टवका उडू नये. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं, म्हणजे लोखंडाचा कीस तिथेच चिकटून राहावा. पडलेला कीस गंजतो आणि छताला देवीचे व्रण पडतात. ड्रिल घरघरलं तेव्हा आक्काने डोळे मिटून घेतले आणि दाराची मूठ घट्ट धरली. भोकाची कड कानशीने गुळगुळीत केली, आतून तेवढ्यापुरता रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर दाराच्या रबराखालून खाली आणली, काडीखाली रबरी चकती बसवली आणि पान्याने आवळली. शेवटचा पीळ त्यांनी श्वास रोखून दिला.

मग आक्का व्हॅनमध्ये जाऊन बरोबर काडीच्या खाली बसली. मांडीवर तिने पांढरा रुमाल पसरला आणि वर बघत राहिली. नाना छतावर बादली ओतत होते. पाणी काचांवरून ओघळलं, दारांवरून ओघळलं, अंगणभर झालं. आक्काने रुमाल चाचपला, उलटा करून चाचपला.

“आणखी एक,” आतून आवाज आला.

आणखी एक ओतली. रुमाल कोरडाच. आक्काने तो घडी करून कमरेला खोचला, नानांनी शिडी आणि पिशवी मागे टाकली, आणि तिने किल्ली फिरवली.

खाणीपाशी जाताना ऑपरेटर कालच्याइतकाच स्पष्ट शिंकला. वळवून येताना आक्काचा हात सेटकडे जायला कचरत होता. नाना मांडीवर हात ठेवून, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे बसले होते. तिने बटण दाबलं, आपण कोण आणि कुठे आहोत ते सांगितलं, बटण सोडलं.

“येतंय बाई, अगदी शेजारी बसल्यागत येतंय,” ऑपरेटर म्हणाला. आणि लगेच कामाचं सांगितलं. वरच्या वस्तीतल्या म्हातारीला धाप लागली आहे, तिला घेऊन यावं, तिची सून बरोबर येईल, नाव लिहून घेतलंय, फेरी तुमचीच.

आक्का एकदम कामाला लागली. मागे म्हातारी आडवी होणार, पुढे सून बसणार. आपल्याला जागा उरत नाही हे ओळखून, तिने काही म्हणायच्या आत नानांनी दार उघडलं. दुकानापुढे कुणाची तरी गाडी खोळंबली असेल, म्हणाले, उताराचा रस्ता आहे, पाय मोकळे होतील. पिशवी घेतली, शिडी खांद्यावर चढवली.

“जेवायला ये दुपारी माझ्याकडे,” आक्का म्हणाली. नाना हं म्हणाले आणि चालू लागले.

शिडी प्रत्येक पावलाला वरखाली होत होती आणि तिचं मागचं टोक कडेच्या झुडपांची पानं झोडपत चाललं होतं. आक्काने व्हॅन वळवून वस्तीच्या दिशेला केली, गिअर टाकला, पण पाय क्लचवरच राहिला. ती आरशात बघत होती.

सेटमधून विचारणा झाली, की निघालात का.

“निघते,” आक्का म्हणाली. “भाऊ वळणापर्यंत पोचू दे.”