मधल्या पाण्यातलं देऊळ

आमची आई डिंभे धरणाच्या पाण्याकाठी हिरडा वेचायची. पलीकडचा धबधबा तिला ऐकू यायचा, पण तिकडं जायला सवड कधी मिळाली नाही. घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागल्यावर धबधबा दाखवायला तिला होडीत बसवलं.

नावाडीच वाटेत माहिती सांगत होता. माणूस फार गोड बोलत होता, म्हणून मला तो पहिल्यापासून पटला नाही. पाण्याच्या मधोमध त्यानं होडीचं मशीन बंद केलं. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"काय झालं?" मी दरडावून विचारलं.

"काय न्हाई, भाऊ. खाली आमच्या बुडालेल्या गावाचं देऊळ हाय. त्याच्यावरनं मशीन चालवत नाय आमी." चपला काढून तो वल्हं मारू लागला.

"पर्यटकांना असलं लई आवडत असंल," मी टोमणा मारला.

"आवडतं की," तो हसला. "मावशी, भिऊ नका."

आम्हाला धबधब्यापाशी उतरवून तो पुढची माणसं आणायला रिकामी होडी घेऊन परत निघाला. मी मुद्दाम काठावर थांबून कान दिला. मधोमध मशीनचा आवाज थांबला. होडीत बघायला कुणी नव्हतं, तरी तो वाकून वल्हं मारत होता.

"आरं, तिकडं काय बघतो? हिकडं ये!" आई ओरडली. ती तुषारांत चिंब उभी होती. जन्मभर ऐकलेला धबधबा आईनं डोळ्यांनी पाहिला.