इंदिरानगरात भाकरी चालेल का?

मी लिहावं असं माझ्याकडे फार काही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहितानाही दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. तरी नांदगावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं तिथून निघून आलेल्यांनी हे वाचावं, अगाऊपणा वाटला तर माफ करावं.

निघालो त्या सकाळी आईने मला खानावळीतच जेवायला वाढलं. एसटी स्टँडसमोरच्या भाड्याच्या गाळ्यात आमची खानावळ होती. मी दोनदा नको म्हणालो, तिने दोन्ही वेळा अर्धी भाकरी ताटात टाकली. "बस काय पळून जात नाय," ती म्हणाली. बस गेलीच. मी पुढच्या गाडीने नाशिकला आलो.

इथे मी बीबीएला आहे आणि दुपारनंतर एका हॉटेलच्या काउंटरवर बसतो. मालकांना सगळे नाना म्हणतात. नानांना नाशिकमध्येच इंदिरानगरात दुसरी शाखा काढायची होती. "तू मार्केटिंग शिकतोस ना? मग बघून ये, तिकडे काय चालेल," ते म्हणाले. तीन आठवडे मी फॉर्म घेऊन मोठमोठ्या सोसायट्यांमधून फिरलो. माणसं चांगली होती, पाणी विचारायची. पिझ्झा, चायनीज, डोसा सगळं हाकेच्या अंतरावर होतं. तव्यावरची गरम भाकरी कुठेच नव्हती. "भाकरीचं हॉटेल निघालं तर याल का?" मी विचारायचो. "अरे वा, नक्की येऊ!" जवळजवळ प्रत्येक दारात हेच उत्तर. मी रिपोर्टात तसंच लिहिलं.

नानांनी रिपोर्ट वाचून एकच विचारलं, "भाकरी थापणार कोण?" मी आईचं नाव सांगितलं.

आई तयार नव्हती. "आपलं गिऱ्हाईक इथं हे, बाळा. तिथं मला कोण वळखतं?" मी रोज फोन करून समजावत राहिलो, की तिघं एकत्र राहू, बाबांनाही काहीतरी काम बघू. शेवटी त्यांनी गाळा भांड्यांसकट दुसऱ्याला दिला आणि ते दोघं आले.

इंदिरानगरची शाखा उघडली, मी तिथल्या काउंटरवर आलो. पहिला आठवडा गर्दी झाली. आई सवयीने भाकरीची टोपली घेऊन बाहेर यायची आणि टेबलाटेबलाशी उभी राहायची. एका संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, "मावशी, नको." आईने अर्धी वाढली. "अहो, नको म्हटलं ना मी! डाएटवर आहे."

"असं कुठं असतंय का बाई, चिमणीएवढं खाल्लं तुम्ही," म्हणत आईने वर तूपही सोडलं. त्या बाई ताट तसंच ठेवून उठल्या.

नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईंना सांग, इथं नको म्हणजे नको." मला सांगावं लागलं नाही, ती मागेच उभी होती. त्यानंतर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

गर्दीही ओसरली. नक्की येऊ म्हणालेले एकदा येऊन गेले, बरेच तेवढेही आले नाहीत. नांदगावात येतो म्हणालेला माणूस येतोच आणि नको म्हणालेला जेवतोच. मी लोकांचं 'नक्की' खरं धरलं, आईने त्यांचं 'नको' खोटं धरलं. मी तर मार्केटिंग शिकत होतो.

तीन महिन्यांनी नानांनी भाकरी बंद करून तिथे मोमोज आणि पास्ता सुरू केला. ते वाईट माणूस नाहीत. "मावशींना भाजी चिरायला ठेवतो," म्हणाले. आई म्हणाली, "नको दादा." ते नको मात्र सगळ्यांना लगेच कळलं. ती आणि बाबा गावी परत गेले. मी राहिलो, कारण एक वर्ष बाकी आहे. अजून त्याच काउंटरवर बसतो, मोमोजची ऑर्डर लिहून घेतो.

पूर्वी घर म्हटलं की मला तो गाळाच दिसायचा. आमची खोली नुसती झोपण्यापुरती. आता घर म्हणजे बाबांचा फोन. तो आला की माझा एकच प्रश्न असायचा, गाळा परत मिळतोय का? "बोलणं चालू हे," एवढंच ते सांगायचे. नवीन माणसाचा जम बसला होता, तो कशाला सोडेल, हे मलाही कळत होतं. तरी विचारत होतो.

काल बाबांचा फोन आला. गाळा मिळणार नाही. पण त्या माणसाने आईला तिथेच भाकऱ्या थापायला ठेवलंय, रोजावर. सोमवारपासून जाते.