साडभाऊंची स्वीडिश

आमच्या साडभाऊंइतकं स्वीडिश भाषेसाठी स्वीडनमध्येही कुणी सोसलं नसेल. तिथलं मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे रायपूरपुरतं खरं धरा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान वीज खात्यातून निवृत्त होऊन शंकर नगरात राहतात. राजधानी झाल्यापासून शहरात नाना तऱ्हेची माणसं आली, पण एकही स्वीडिश माणूस आला नाही, ही त्यांची सरकारविरुद्ध कायमची तक्रार. मुलगी तिकडे नोकरीला गेली, तिकडेच तिला मुलगी झाली आणि नातीशी तिच्या भाषेत बोलता यावं म्हणून यांनी स्वीडिश शिकायला घेतली. नुसती शिकायला नव्हे. मोठ्या माणसाला परकी भाषा कशी येते यावर ते संशोधनही करत होते आणि त्यासाठी हाताशी असलेला एकमेव मोठा माणूस म्हणजे ते स्वतः.

स्वीडिश शब्दांना चढउताराची एक चाल असते, असं त्यांनी कुठेसं वाचलं. ती जिभेवर बसावी म्हणून ते सगळ्याच भाषा त्या चालीत बोलू लागले. अभनपूरकडचा दूधवाला माप हातात धरून थबकायचा आणि विचारायचा, "हव बाबूजी, फेर गावत काबर हव?" म्हणजे, बरं, पण गाताय कशाला? पुढे त्यांना कळलं की शिकणाऱ्याला भाषेचे नियम ठरावीक क्रमानेच येतात आणि वाक्यात नकार नेमक्या जागी बसवणं बरंच उशिरा जमतं. "पायरीपायरीनं चालून राहिलो भाऊ. नकाराची पायरी यायची आहे," असं मला सांगून त्यांनी तोवर कुठल्याच भाषेत कुणाला 'नाही' म्हणणं बंद केलं. त्या वर्षी आसपासच्या झाडून सगळ्या गणेश मंडळांना त्यांनी वर्गणी दिली, नको असलेला विमा काढला आणि परगावी गेलेल्या शेजाऱ्यांची मांजर महिनाभर सांभाळली.

नातीला ऐकू येत नाही हे समजलं तेव्हा ती चाल एकदम थांबली. मग एका सकाळी साडभाऊ माझ्याकडे आले. "इतकं बोलाले शिकलो, आता बिनबोलता शिकतो. त्यात काय? हात त साऱ्या जगाचे सारखेच!" पुरानी बस्तीजवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत ते चौकशीला गेले, तर तिथले मास्तर हसले. "अंकल, ये तो अपने यहाँ के इशारे हैं. स्वीडन के अलग होते हैं." साडभाऊ चकित होऊन परतले. "भाऊ, हातालेही व्हिसा लागते!"

मग कॉम्प्युटरवर बघून स्वीडनच्या खुणांच्या भाषेचा अभ्यास सुरू झाला. या भाषेचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं आणि प्रश्न विचारताना भुवया वर जातात. साडभाऊंच्या भुवया भाजीबाजारातही वरच असत. टोमॅटोवाली वैतागून म्हणाली, "बाबूजी, आँखें मत दिखाओ, दो रुपया कम दे दो." लकवा तर नाही ना, म्हणून ताईंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. तिथेही यांनी भुवया उंचावूनच विचारलं, काय झालं आहे म्हणून.

या भाषेत प्रत्येकाला हातानं करायचं एक वेगळं नाव असतं. साडभाऊंनी स्वतःसाठी मिशीला पीळ देण्याचं नाव ठरवून टाकलं होतं. त्यांच्या मुलीला मराठी समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. ती फोनवर म्हणाली, "पापा, अपना नाम खुद नहीं रखते. जिनको सुनाई नहीं देता, वही देते हैं." तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. नातीनं नाव द्यावं.

हिवाळ्यात नात आली. पहिल्याच संध्याकाळी तिनं माझ्या खिशातली पेनं पाहिली, छातीवर दोन बोटं टेकवली आणि मी झालो. ताईंना मिळालं बांगड्या मागे सारणं, दूधवाल्याला मफलर गुंडाळणं. साडभाऊंना मात्र काहीच नाही. त्यांना ती साधं 'आईचे बाबा' म्हणायची. हे तिच्यासमोर मिशी पिळत, टोपी तिरपी घालत, विनाकारण लंगडतसुद्धा.

"काहून नाचून राहिले पोट्टीसमोर?" ताईंनी विचारलं. "आजोबा म्हणते, तेवढं पुरत नाही काय?"

"नातं त जन्मासंगच भेटते," ते खिन्नपणे म्हणाले. "नाव कमवा लागते."

निघायचा दिवस आला तरी नाव नव्हतं. माना विमानतळावर दोन्ही हातांत बॅगा घेऊन साडभाऊ चालले होते आणि नात शेजारून काहीबाही विचारत होती. हात गुंतलेले, म्हणजे तोंड बंद. एकेका उत्तराला ते दोन्ही बॅगा खाली ठेवायचे, बोलायचे, पुन्हा उचलायचे. मागे ट्रॉल्यांची रांग लागली. "अंकल, आगे बढ़िए!" शिपाई ओरडला. साडभाऊंनी त्यालाही बॅगा खाली ठेवूनच हातानं उत्तर दिलं.

नात खुदकन हसली. तिनं दोन्ही मुठी वळल्या, खाली नेल्या आणि उघडल्या.

"पापा," मुलगी म्हणाली, "ये आप हो."

साडभाऊंचे दोन्ही हात मोकळेच होते. त्यांनी ते नाव स्वतः करून पाहिलं, दोनदा.

आता दर रविवारी ते कॉम्प्युटरसमोर बसतात. नात ते नाव करते, पण मुठी खाली गेल्या की पडद्याबाहेर जातात. उघडलेल्या दिसतच नाहीत. अर्धंच नाव पोचतं, हे मला खटकलं. म्हटलं, तिला जरा मागे सरकून बसायला सांगा.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "मांग सरकली का लय दूर दिसते."