मामांच्या दुकानातला फोटो

कातड्याला लावलेल्या तेलाचा वास आला की कोल्हापुरातला तो मंडप आठवतो. चपला करणाऱ्या कारागिरांवरच्या पुस्तकासाठी मी गावोगाव हिंडत होते, म्हणून चपलांच्या एका शोरूमच्या उद्घाटनाला आलेल्या नटाबरोबर मलाही मंचावर बोलावलं. मालकांविरुद्धची पत्रकं वाटत वाढलेली मी जागची हलेना. शेजारी बसलेले म्हातारे कारागीर मोठ्यानं म्हणाले, "ताई, चला की! तुमच्यासंगं मलाबी वर सोडतील. नटासंगं फोटो पायजे दुकानात." "ह्याच मालकानं तुमचा भाव पाडलाय, मामा!" "व्हय की. मग काय तुमचं पत्रक लावू भिंतीला?" मी गेले. मामा नटाला खेटून उभे राहिले. आज तो फोटो त्यांच्या दुकानात आहे. त्यात मालकानं घातलेला हार माझ्या गळ्यात आहे आणि मी चक्क हसतेय. मामांसाठी हसले की कॅमेऱ्यासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.