विकत न मिळणारं ताक

आमच्या मुळशीच्या बाजूला तेव्हा दूध विकलं जायचं, तूप विकलं जायचं, गोवऱ्यासुद्धा विकल्या जायच्या. ताक मात्र कुणी विकत नसे. ज्या घरी म्हैस, त्या घरी सकाळी ताक घुसळायचं, लोणी काढून घ्यायचं आणि उरलेलं ताक मागायला येईल त्याला द्यायचं. ताकाचे पैसे घेतले तर म्हैस आटते, अशी बायकांची पक्की समजूत होती. आता पौड रस्त्यावरच्या दुकानांत ताकाच्या पिशव्या थंड कपाटात मांडून ठेवलेल्या दिसतात आणि त्यापायी कुणाची म्हैस आटल्याचं ऐकू येत नाही.

आमच्या घरी म्हैस नव्हती. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, तिथं कुणाकडेच नव्हती. वस्तीतल्या बायका तांब्या घेऊन वरच्या आळीत जायच्या. आमच्या घरातून कुणी जायचं नाही, कारण आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते बंद करून टाकलं होतं. लहानपणी त्यांना ताक आणायला पाठवत. ते अंगणाच्या कडेला मडकं ठेवून मागं सरायचे आणि ओट्यावरची बाई वरून ओतायची. निम्मं मडक्यात पडायचं, निम्मं पायावर. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही हसत, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. धम्म घेतल्यावर त्यांनी ठरवलं की आता कुणाच्या दारात जाऊन काही मागायचं नाही. पुढं त्यांना मैलकुलीची सरकारी नोकरी लागली, म्हणजे रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, आणि मग तर हा निश्चय दगडासारखा झाला. लागेल ते विकत आणायचं, नाही परवडलं तर त्याच्यावाचून राहायचं. आमच्या घरात सगळ्यात खादाड कोण असेल तर आबांचा मान, असं आक्का म्हणायची. त्यांच्या तोंडावर म्हणायची. आबांना ते चालायचं, कारण बोलणारी आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण. पौडच्या हायस्कुलात एस.टी.नं जाणारी आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. संध्याकाळी घरी आली की कंडक्टरची, मास्तरांची, बसमधल्या भांडखोर बायकांची नक्कल करून दाखवायची आणि आई भाकरी थापता थापता हसून हसून बेजार व्हायची. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्यासारखं बोलता यावं म्हणून मी एकटीच ओढ्याकाठी बडबडत बसायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भादव्याचे दिवस, भात निसवायला लागलं होतं, तेव्हा आक्काला जुलाब सुरू झाले. पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडायचंच, त्यामुळं सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. आईनं आपला दवाखाना उघडला. डोंगरातून कुड्याची साल आणून सहाणेवर उगाळली. ती इतकी कडू की वासानंच जीभ आत जायची. मग मुरुडशेंग, ती पीळ घातलेल्या दोरीसारखी असते आणि पोटातल्या पिळाला देतात. वाळवून ठेवलेली डाळिंबाची साल झाली, जायफळ झालं. खायला फक्त मीठ घातलेली भाताची पेज. आक्का तोंड वाकडं करून सगळं प्यायची आणि म्हणायची, "आई, डोंगरात एखादं झाड ऱ्हायलं असंल तर त्येबी उगाळ."

जुलाब कमी झाले, पण ताप चढायला लागला. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त. जिभेवर पांढरा थर बसला, नकला बंद झाल्या. आबा तिला पौडला डॉक्टरांकडं घेऊन गेले, आई आणि मीही गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. हा मुदतीचा ताप आहे, आतड्यात जंतू गेलेत, आतून जखमा झाल्यात, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं: भाकरी नको, तिखट नको, डाळ-उसळ नको. पेज, मऊ भात, साबुदाण्याची पातळ खीर आणि ताजं, आंबट नसलेलं ताक. पाणी उकळून. "पाणी कुठलं भरता?" असं त्यांनी विचारलं आणि आई खाली बघत म्हणाली, "वड्याचं."

गावात विहीर होती. आम्हाला तिथं जायला आडकाठी नव्हती, आणि आबा आईला सांगून सांगून थकले होते की तिथलंच पाणी भर, तो आपला हक्क आहे. आई एकदोनदा गेलीही. विहिरीवरच्या बायका तिला काही बोलायच्या नाहीत. नुसत्या हात थांबवून बाजूला उभ्या राहायच्या, तिचं भरून होईपर्यंत. ते उभं राहणं आईला सोसलं नाही. ती ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून पाणी आणायची आणि आबांना सांगायची, विहिरीवर गर्दी होती.

आक्काच्या पोटात आता काहीच टिकत नव्हतं. पेज दिली की उलटायची, खीर दिली की उलटायची. मग एका सकाळी आबा कामावर गेल्यावर आई पदराखाली तांब्या घेऊन वरच्या आळीला गेली. तिथं एक शेतकऱ्याघरची बाई होती, सगळं गाव तिला काकू म्हणायचं. आई तिच्या खाचरात लावणीला जायची. काकू वरून ओतणारी नव्हती, हे सांगायलाच हवं. तिनं तांब्या हातात घेतला, भरला आणि हातात दिला. त्या ताकात आईनं जरासं मीठ घातलं आणि आक्काला चमच्या-चमच्यानं पाजलं. ते टिकलं. दुसऱ्या दिवशीही टिकलं. तिसऱ्या दिवशी आक्कानं आपणहून भात मागितला, आणि आई चुलीपुढं बसून रडली.

आबांना कळलं ते आक्कामुळंच. ते लवकर घरी आले होते, त्यांनी वाटी पाहिली आणि विचारलं, हे काय. आक्का खोटं बोलायची नाही. म्हणाली, "ताक हाय, काकूंचं. लई गोड हाय, आबा." आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, आईनं परत ओरडून घेतलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग इकत आणू."

दुसऱ्या सकाळी ते मला बरोबर घेऊन काकूच्या अंगणात गेले. तांब्या माझ्या हातात होता. त्यांनी ओट्यावर पैसे ठेवले.

"काकू, पोरगी आजारी हाय. रोज तांब्याभर ताक लागंल. ह्ये महिन्याचं धरा."

काकू रवी हातात घेऊनच बाहेर आली. पैशाकडं बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं. "ताकाचं पैसं? माजी म्हस आटवायला आलायस व्हय रं?"

"फुकाट न्हाई नेणार मी."

"मग नगं नेऊस. तुज्या बायकोला धाड, ती माणसासारकी नेती."

आबांनी पैसे उचलले आणि वळले. मी रिकामा तांब्या घेऊन त्यांच्यामागं पळत होते. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. एकीला म्हशीची काळजी, दुसऱ्याला मानाची, आणि घरात आक्का.

त्या दिवशी आई भांडली. "तुमचा मान वाटीत घालून पाजा पोरीला," म्हणाली. आणि आबांना न जुमानता स्वतः काकूकडं गेली. पण आता काकूही अडून बसली. भर अंगणात ओट्यावर पैसे ठेवलेले शेजारणींनी पाहिले होते, काकू ताक विकते असा बोभाटा झाला असता. "तुज्या मालकाला यिऊ दे, तोंडानं मागू दे, मग हांडाभर देती," म्हणाली. आळीतल्या बाकीच्या बायकांनीही तिचीच री ओढली, आणि आमच्यासाठी म्हणून वस्तीतल्या शेजारणींनाही ताक मिळेना.

आबांनी मग स्वतःचं ताक करायचं ठरवलं. दूध विकत मिळत होतं. विरजण वस्तीत कुणाकडं नव्हतं, म्हणून पौडच्या हॉटेलातून वाटीभर दही आणलं. त्या ओल्या, गार हवेत दूध धड लागेना. दुसऱ्या दिवशी लागलं ते तार सुटणारं आणि आंबट. रवीही नव्हती, म्हणून आबा गडव्यात दही घेऊन पळीनं घुसळत बसले. खडी फोडून राठ झालेले त्यांचे हात, आणि ते इतक्या हळू घुसळत होते की आवाजही होऊ नये. मी त्यांना स्वयंपाकाचं काही करताना पहिल्यांदाच पाहत होते. आक्कानं ते ताक आबांसाठी प्यायलं. "काकूंच्यापेक्षा बरं हाय," असं म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली. थोड्या वेळानं सगळं उलटलं. असे चार-पाच दिवस गेले. तिचे डोळे आत गेले, मनगट माझ्या मुठीत मावायला लागलं.

मग एका सकाळी आबा उठले, तांब्या घासला आणि घराबाहेर पडले. मी मागं गेले, त्यांनी मला परत पाठवलं नाही. काकूच्या अंगणात ते कडेलाच थांबले. का कोण जाणे, अगदी कडेला. "काकू," ते म्हणाले, "जरा ताक वाढा." आवाज त्यांचा वाटत नव्हता. काकू आली, तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तांब्या काठोकाठ भरला. देताना तिचे डोळे भरले होते. "आदीच का रं न्हाई आलास?" एवढंच म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. या गोष्टीत कुणीच वाईट नाही, म्हणून तर ही गोष्ट मला सोसत नाही.

आक्का ताक प्यायली आणि ते टिकलं. तिनं आबांकडं पाहून विचारलं, "तुमी मागितलंत?" आबांनी तिच्या ओठांवरचा पांढरा ओघळ पुसला. दोन दिवस आम्हाला सगळं मार्गी लागल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पोटात अचानक इतकं दुखायला लागलं की ती किंचाळली. पोट फळीसारखं कडक झालं. दुधाच्या गाडीतून आम्ही तिला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मागं मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मीही गेले. तिथं त्यांनी पोट उघडलं. आतड्याला भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी आक्का गेली.

आई आत तिच्याजवळ बसली होती, तिला कुणी उठवू शकत नव्हतं. मी आणि आबा बाहेर व्हरांड्यात होतो. एक तरुण डॉक्टर आले, फार थकलेले. आबांनी हात जोडून त्यांना विचारलं, "साहेब, मधी चार-पाच दिस तिला ताक मिळालं न्हाई. माज्यामुळं. त्यानंच झालं का?"

"ताकाचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजार पाण्यातून येतो. घाण पाण्यातून जंतू पोटात गेले, आतडं आतून झिजत होतं. ताक मिळालं असतं तरी हेच झालं असतं. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका."

मला वाटलं, आता आबांना थोडं हलकं वाटेल. मला स्वतःला वाटलं होतं. पण ते भिंतीला टेकून खाली बसले, आणि डॉक्टर लांब गेल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं.

"ह्ये आईला सांगायचं न्हाई."

"का?"

"पाणी तिनं आणल्यालं हाय. ती जगायची न्हाई." मग म्हणाले, "ती मला बोलंल. बोलू दे."

आणि ती बोलली. पुढं वर्षानुवर्षं बोलली. जेवायला वाढताना, कपडे धुताना, पाहुण्यांसमोर. ताकासाठी पोर घालवली, असं म्हणायची. आबा मान खाली घालून ऐकायचे आणि जेवायचे. आई रागानं तगून होती, हे मला मोठी झाल्यावर दिसायला लागलं. त्या रागावर ती उठायची, कामाला जायची, माझ्या शाळेसाठी धडपडायची. अनेकदा माझ्या ओठांवर यायचं, पण आबांकडं पाहिलं की मी गप्प व्हायचे.

आबा पन्नाशी ओलांडल्या ओलांडल्या अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत आई त्यांना भरवत होती, उशाशी मी बसले होते. भरवता भरवता आईचा हात थांबला आणि ती म्हणाली, अगदी शांतपणे, रागाशिवाय, "खरं सांगा आता. तुमच्यापायीच गेली ना माजी पोर?"

आबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"व्हय," ते म्हणाले, "माज्यापायीच."