खांबामागची खुर्ची

आमच्या नांदेडातलं जुनं थिएटर पाडायचं ठरलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. निजामाच्या काळातली इमारत, त्या कमानी, ती बाल्कनी आणि तिला पेलणारे सागवानी खांब, थेट किनवटच्या जंगलातून बैलगाडीवर आणलेले. भेटेल त्याला मी हेच ऐकवत होते, लोक कंटाळले असतील. पाडकामाच्या बैठकीत एखाद्या जुन्या माणसानं बोलावं म्हणून मी मायला तयार केलं. रेणापूरहून लग्न होऊन आली तेव्हापासून ती इथंच सिनेमे बघत आलेली.

बैठकीआधी तिला आत नेलं. बायकांची बसायची सोय वर असे, जनाना म्हणायचे त्याला. मागच्या बोळातून वेगळा जिना. गुडघे धरत, थांबत थांबत माय वर चढली. आता हिचे डोळे भरून येणार, असं मला वाटलं. ती सरळ कोपऱ्यातल्या खांबाजवळ गेली.

"हा अजून हायच का?"

आणि त्याच्यामागच्या खुर्चीवर जाऊन बसली. मग तिनंच सांगितलं. घरातल्या बायका मानाप्रमाणे बसायच्या. आधी सासू, मग नणंदा, मग थोरल्या जावा. धाकट्या सुनेला खांबामागची जागा. तिच्यानंतर घरात सून आलीच नाही, म्हणून तिची ती जागा कधी बदलली नाही.

"आर्धाच पडदा दिसायचा. हिरो बोलून राहिलाय, पण कुणाशी, ते न्हाई कळायचं. इचारलं की तुझी आजी डोळे वटारायची."

"बाबांना सांगायचं ना."

"ते खाली मधोमध बसायचे. घरी आल्यावर इचारायचे, कसा वाटला? मी म्हणायची, लई छान."

आजीच्या मांडीवर बसून मी मात्र अख्खा सिनेमा बघितलेला. आजीचा राग आला, बाबांचा आला, इतकी वर्षं गप्प बसल्याबद्दल मायचाही आला. तरी बैठकीत मी तिला उभं केलंच. थिएटर वाचवायचं होतं मला.

माय अधिकाऱ्यांना म्हणाली, "इमारत राहू द्या साहेब. तेवढा कोपऱ्यातला खांब काढा."

साहेब हसले. "आजी, बाल्कनी त्याच्यावरच तर उभी आहे."

मायनं पदर सावरला. "मग पाडा सगळं," म्हणाली आणि खाली बसली.

पुढे बोलायची पाळी माझी होती. मी उठले नाही.